तळ दिसणारं पाणी

त्या उन्हाळ्यात मी पोहण्याच्या तलावाच्या गॅलरीत बसून इतकं ओरडले, की जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाही माझा घसा पार बसलेला होता. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. भरल्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय सुट्टीतही सुटत नव्हती. आज ते आठवलं की लाज वाटते. थोडीथोडकी नाही, चांगली कान गरम करणारी लाज.

तलाव गारखेड्याच्या बाजूला होता. दुपारी चारची वेळ बायकांची आणि मुलींची. पत्र्याची गॅलरी तापलेली असायची. आम्ही आया पदरानं वारा घेत बसायचो आणि आपापल्या लेकीला वरून शिकवायचो. खाली शिकवायला सर होते, पण ते आमच्या लेखी फारसं महत्त्वाचं नव्हतं.

माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. हात सुरेख मारायची, दमही चांगला होता. अडलं होतं एकाच जागी. तिला सूर मारता येत नव्हता. काठावर उभी राहायची, दोन्ही हात कानाला लावायची, वाकायची, अजून वाकायची, आणि आता गेली असं वाटेपर्यंत मान वर करून पायांकडून धपकन पाण्यात पडायची. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुली डोक्याकडून पाण्यात जायच्या. उन्हाळ्याच्या शेवटी शहरातल्या मुलींची स्पर्धा होती. सर तिला म्हणाले होते, "नाय जमलं तर पाण्यातूनच सुरू कर, मी बोलतो त्यांच्याशी." पण ती ऐकेना.

"सगळ्या वरून उडी मारणार आणि मी एकटी खाली भिंतीला धरून उभी राहू?" ती जेवताना म्हणाली. "सूर नाही आला तर मी पोहणंच सोडणार."

बोलेल तसं करणारी होती ती. हा हट्ट तिनं दुसरीकडून कुठून आणलेला नाही, माझ्याकडूनच घेतलाय.

तिनं पोहणं सोडू नये म्हणून मग मी कंबर कसली. ती काठावर उभी राहिली की मी वरून सुरू व्हायचे. "मान खाली! हनुवटी छातीला! गुडघे वाकव! हात सोडू नकोस! अगं मार की उडी, काय होतंय!" हे सगळं एका दमात. मी जेवढी ओरडायचे तेवढी ती आखडायची, आणि ती आखडली की मी अजून ओरडायचे. सर मात्र खांद्यावर पंचा टाकून नुसते बघत उभे असायचे. खुलताबादकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. गळ्यात शिट्टी, पण ती क्वचितच वाजायची. हा माणूस आळशी आहे, असं मी घरी बोलून दाखवलं होतं.

एके दिवशी ते गॅलरीत चढून माझ्यापाशी आले.

"ताई, तुम्हाला पोहता येतं का?"

"येतं की," मी म्हणाले. "गावी, देवगाव रंगारीला विहिरीत शिकलेय मी. वरून सूरही मारायचे."

"व्हय? मंग या की पाण्यात. येत्या रविवारी आयांची शर्यत ठिवलीय, नाव लावतो."

मला गप्प बसवायचा तो त्यांचा मार्ग असावा. पण आजूबाजूच्या बाया ऐकत होत्या, त्यामुळे मी ऐटीत मान डोलावली. खाली लेक माझ्याकडं बघून नको नको अशी खूण करत होती. ती मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

आमची विहीर आजोबांनी निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर बांधून काढलेली, गोल, काळ्या दगडाची. वडिलांनी मला आणि भावाला एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक वडिलांच्या हातात. पोरीला कशाला शिकवता, असं भावकीतलं कुणी म्हणालं की ते म्हणायचे, "विहीर काय पोरगा-पोरगी बघून बुडविती व्हय?" मधोमध मोटारीचा पाइप आणि त्याचं लोखंड होतं, म्हणून आम्ही कायम कडेकडेनं फिरायचो. भिंत डाव्या हाताला ठेवायची आणि उजवीकडं वळत राहायचं. एखादा पाणसाप आला तर दिसावा म्हणून डोकं वर. पोहणं म्हणजे गोल फिरणं. त्याला दुसरा काही आकार असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी परकर-पोलक्यात पोहायचे, भावापेक्षा जास्त वेळ टिकायचे, वरच्या दगडावरून सूरही मारायचे. मग एका दुपारी आईनं वरून टॉवेल टाकला. "बास झालं आता," ती म्हणाली. "मोठी झालीस." त्यानंतर मी पाण्यात उतरले ती थेट लेकीच्या तलावात, चाळिशीला टेकल्यावर.

गुलमंडीच्या बाजारातून पोहण्याचा काळा पोशाख आणला. त्यावर नवऱ्याचा टी-शर्ट, खाली जुनी सलवार. तिथं सरांखेरीज कुणी पुरुष नव्हता, तरी कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत मी छातीशी टॉवेल धरून, भिंतीला खेटून चालले. आईनं टाकलेला तो टॉवेल इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर होता, असंच म्हणायचं. आपले दंड, पोटऱ्या, पोट, सगळं इतक्या उजेडात पहिल्यांदाच बाहेर आल्यासारखं वाटत होतं.

शर्यत म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला एकदा जायचं. पाच-सहा जणी होतो. मधल्या दोऱ्या काढून ठेवल्या होत्या. शिट्टी वाजली आणि मी डोकं वर धरून निघाले. हातांना सगळं आठवत होतं. मला इतका आनंद झाला, की मी लेकीच्या वयाची झाले. पाण्यातल्या औषधानं डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी ते मिटून घेतले. अडलंय काय, विहिरीत तर अंधारातही पोहलेय. जरा वेळानं उजवीकडच्या बाई अंगावर आल्या. "अरे आपा, किधर जारे? मेरे ऊपरसेच जाते क्या?" चूक त्यांचीच आहे असं समजून मी जोर वाढवला. भिंत हाताला लागली. बाकी कुणी पोचल्याची चाहूल नव्हती. मी पहिली आले होते! मी उभी राहिले आणि एक हात उंच केला.

टाळ्या का वाजत नाहीत म्हणून डोळे पुसले. तलावाचं टोक होतं तिथंच होतं, लांब. बाकीच्या बाया तिकडं पोचत होत्या. मी अर्ध्या वाटेत, तलावाच्या बाजूच्या भिंतीला टेकून, हात वर करून उभी होते.

मग जे हसू फुटलं ते पत्र्यावरून घुमून परत आलं. माझ्या शाळेतल्या दोन मुली होत्या, त्याही हसत होत्या. सरांनी हसू दाबायला वर आभाळाकडं पाहिलं, ते मला जास्त लागलं. मी लेकीला शोधलं. ती हसत नव्हती. माझ्याकडं पाठ करून ती भराभर कपडे बदलायच्या खोलीकडं निघाली होती. हात खाली घ्यायचा असतो हे मला तेव्हा सुचलं.

लुनावर ती नेहमी माझ्या कमरेला धरून बसायची. त्या दिवशी तिनं मागचं कॅरियर धरलं. क्रांती चौकाच्या अलीकडं गाडी खड्ड्यातून उडाली, तरी तिनं मला हात लावला नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तू परत येऊ नकोस. गॅलरीतपण नको."

"अगं, तुझ्यासाठीच मी..."

"मी सांगितलं होतं का?" ती म्हणाली. मग दार लावताना, "आणि मीपण नाही येणार. सूर गेला खड्ड्यात."

मी रात्रभर कूस बदलत राहिले. माझं हसं झालं याचं दुःख होतंच, पण जिला पाण्यात ठेवायला मी महिनाभर घसा फोडला, तिला मीच पाण्यातून बाहेर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा घरी असताना, एकटीच सरांकडं गेले. म्हटलं, तुम्ही तिला समजावून सांगा.

"पोरीला काय सांगू? तिला समदं समजतंय," ते म्हणाले. "तुम्ही या पाण्यात."

"सर, लोक हसतात मला."

"हसतील की. तुम्ही वर असत्या तर तुम्हीबी हसल्या असत्या."

ते खरं होतं. "माझं पोहणंच चुकीचं आहे," मी म्हटलं.

"चुकीचं कसं? विहिरीत सरळ गेल्या असत्या तर डोकं फुटलं असतं. अंग शहाणं हाये तुमचं. जागा बदलली, येवढंच त्याला कळलं नाय अजून."

मी रोज दुपारी पाण्यात उतरायला लागले. नवऱ्याची वाळूजच्या कंपनीत दुसरी पाळी होती, लेकीला घरी एकटी ठेवायचं नव्हतं. मग ती माझ्यासोबत यायची, पण पोहायला नाही. गॅलरीत जाऊन पाण्याकडं पाठ करून गोष्टीचं पुस्तक उघडायची. आमच्या जागा बदलल्या होत्या.

मला वाटलं होतं, सर आता सांगतील, डावा हात कमी मारा, उजवा लांब टाका. मी तशी तयारी करून गेले होते. ते म्हणाले, "तळाला निळी पट्टी हाये. ती पोटाखालून सुटू द्यायची नाय. हातांचं हात बघतील." पट्टी बघायची तर डोकं पाण्यात घालावं लागलं. डोकं खाली घाला असं त्यांना सांगावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मुठी मिटून पोहायला लावलं. एकदा डोळे मिटून पाठवलं आणि भिंतीला हात लागल्यावर म्हणाले, "उघडू नका. आधी सांगा, कुठं आलाव?" मी म्हटलं, मधोमध. डोळे उघडले तर पार उजव्या कोपऱ्यात. हे त्यांनी कितीतरी वेळा केलं. मग मी 'उजवीकडं गेले वाटतं' असं म्हणायला लागले, आणि खरंच उजवीकडं असायचे. माझा अंदाज आधी सुधारला, पोहणं त्याच्या मागून. तेही कसं, तर काल जमलेलं आज नाही. एका दिवशी मी परत शर्यतीतल्या त्याच बाईंच्या अंगावर गेले; त्या मला आपा म्हणायच्या, म्हणून मीही त्यांना आपाच म्हणायचे. त्या खो खो हसल्या, मी रडकुंडीला आले. "जातंय कुठं," सर म्हणाले, "येईल परत."

आणि मग एका दुपारी, अर्ध्या तलावात असताना, वरून आवाज आला.

"डोकं खाली! उजवा हात लांब टाक! अगं सरळ जा की, काय होतंय!"

माझी लेक. पुस्तक मिटून, कठड्याला धरून उभी. शब्द माझे, सूर माझा, तो शेवटचा हेलसुद्धा माझा. आणि माझं काय झालं म्हणता? उजवा हात आठवायला गेले तर डावा थांबला, पाय बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं. दोरीला धरून खोकत उभी राहिले. खाली काही नीट ऐकू येत नव्हतं, फक्त कुणीतरी आपल्यावर नाराज आहे एवढंच पोचत होतं. महिनाभर तिलाही तेवढंच पोचलं असणार. शर्यतीच्या दिवशी वाटली त्याहून जास्त लाज मला त्या क्षणी वाटली, आणि ती कुणाला दिसली नाही.

सरांनी तिला दटावलं नाही की मला काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "विहिरीत सूर मारायच्या म्हणालात ना? मारा की एक. पोरगी बघतीया."

मी काठावर उभी राहिले. विहिरीच्या दगडाची उंची याच्या कितीतरी पट होती. मी हात कानाला लावले, वाकले. आणि खाली पाहिलं तर सगळं दिसत होतं. फरशीचा तुकडा न् तुकडा, निळी पट्टी, कुणाच्या तरी केसांची पडलेली पिन. विहिरीचं पाणी काळं असायचं, त्याला तळ आहे हे फक्त ऐकून माहीत. इथं तळ अगदी डोक्याला लागेल असा वर आलेला. पायाची बोटं कडेला वळली आणि तिथंच राहिली. मागं बाया थांबल्या होत्या. कुणीतरी खाकरलं. मी आणखी वाकले, आणखी वाकले, आणि शेवटी हात सोडून, वळून, लोखंडी शिडीनं एकेक पाय टाकत पाण्यात उतरले. उडी मार की काय होतंय, असं म्हणणारी बाई ती मीच.

त्या दिवशी लुनावर तिनं पुन्हा कॅरियरच धरलं. पण क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला.

"आई, तुलापण तळ दिसतो?"

"हो," मी म्हटलं.

"वर येतो ना तो? अंगावर?"

मी मान हलवली. सिग्नल सुटला, मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली, तरी मला गाडी पुढं घ्यायचं सुचेना. एवढे दिवस तिला हनुवटी सांगितली, गुडघे सांगितले, भित्री म्हटलं, तिच्याच मैत्रिणींची उदाहरणं दिली. तुला तिथं उभं राहून काय दिसतं, हे एकदाही विचारलं नाही. ते विचारायला मला आधी स्वतः तिथं उभं राहून शिडीनं उतरावं लागलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ डोकं खाजवत राहिले. "हे मी विचारायला पायजे हुतं," म्हणाले. "मी आपला तिच्या पायाकडंच बघत राहिलो." मग त्यांनी खोल बाजूला चार मुली पाण्यात उतरवल्या आणि त्यांना कडेला धरून जोरजोरात पाय मारायला लावले. पाणी उसळलं, पांढरा फेस झाला. पट्टी गेली, फरशी गेली. तलावाला तळ राहिला नाही.

"आता बघा," ते म्हणाले. "कोण आधी?"

"आई," लेक म्हणाली. त्या दिवशी तिनं पोशाख घातला होता. मला न सांगता पिशवीत टाकून आणला होता. ती स्वतःही पाण्यात उतरली आणि त्या मुलींच्या रांगेत कडेला धरून पाय मारायला लागली.

मी वर उभी राहिले. हात कानाला. मी वाट बघत होते, आता ती ओरडेल, मान खाली, हनुवटी छातीला. तिचा तो हक्कच होता. ती माझ्याकडं बघत पाय मारत राहिली, एक शब्द बोलली नाही.

मी गेले. त्याला सूर म्हणणं धाडसाचं होईल. पोटावर पडले, आवाज गुलमंडीपर्यंत गेला असेल, छाती-पोट आठवडाभर लाल राहिलं. वर आले तर सगळ्या हसत होत्या. आपा तर भिंतीला धरून हसत होत्या. माझी लेकही हसत होती, तोंड न लपवता. मला लाज वाटली, पण पळून जावंसं वाटलं नाही.

मग ती शिडी चढून वर गेली आणि मी उभी होते त्याच जागी उभी राहिली.

"आता तू पाय मार," तिनं मला सांगितलं. "आणि बोलू नकोस."

मी कडेला धरलं, ओठ मिटले आणि पाय मारायला लागले. जीव खाऊन मारले. तोंडात शब्द येत होते, ते मी पाण्याबरोबर गिळले. फेस माझ्या डोळ्यांवर, नाकावर, सगळीकडं उडत होता. वर कुणीतरी ओरडलं, टाळ्या वाजल्या, आणि डोळे पुसून बघते तर काठ रिकामा होता. ती तलावाच्या पार मधे वर आली, केस मागं सारून, धापा टाकत, आणि पोहत थेट माझ्यापाशी आली.

"कशी होती?" तिनं विचारलं.

महिनाभर ज्यासाठी मी घसा फोडला होता, ती उडी. खोटं बोलायचा मोह झाला. मग म्हटलं, "मला दिसली नाही गं. डोळ्यांत पाणी होतं."

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा उडी मारायला शिडीकडं गेली.